फ्लेक्सवर कोणी बसलं नाही

चहाचा डाग. सूचक, अनुमोदक. प्लास्टिकचा लाल मुखवटा. हात वर करा. ओढ्यापलीकडची सतरा घरं.

मी एक जुनी सतरंजी आहे. तुरुंगातल्या मागावर मला विणलं आणि टाकवे बुद्रुकच्या पुढे, डोंगराखालच्या एका गावात ग्रामसभेसाठी आणलं. मित्रांनो, माझ्यावर माणसं मांडीला मांडी लावून बसत आणि भांडत. रखमाजी आबा तंबाखू मळत आधी विरोध करत, मग हात वर करत. ओढ्यापलीकडची रेणुका दर सभेला उभी राहायची. शाळेच्या पोरांसाठी साकव हवा, म्हणजे ओढ्यावर छोटा पूल. एकदा ठराव मंजूर झाला. त्या दिवशी तिने मला स्वतः झाडून घडी घातली. एवढी माया मला पुन्हा मिळाली नाही.

त्या पावसाळ्यात ओढा फुगला आणि सरपंच अतुलभाऊंनी रेणुकाच्या लेकीला, कोमलला, खांद्यावर घेऊन ओढा पार केला. व्हिडिओ गावोगाव फिरला. फ्लेक्स लागला: भाऊंचा चेहरा, खाली कुणाचे तरी फुगलेले दंड, पाठीवर लाल झगा, ढगांतून उड्डाण. पोरं मुखवटे लावून तोच खेळ खेळू लागली. भाऊ सगळ्यांनाच व्हायचं असायचं. बुडणारी मात्र कोमलच.

पुढच्या सभेत रेणुकाने विचारलं, मंजूर झालेल्या साकवाचं काय झालं? मागून कोणी म्हणालं, "वैनी, भाऊंनी पोरगी आणून दिली, आन तुमी त्यांनाच जाब इचारता व्हय?"

हशा झाला. ती खाली बसली आणि माझ्या कडेचा दोरा ओढत राहिली.

नंतर मी जुनाट दिसते म्हणून मला खोलीत टाकलं आणि खाली उतरवलेला तो फ्लेक्सच सभेला अंथरला. खोलीच्या दारातून मी पाहत होते. भाऊंच्या तोंडावर बसायचं कसं? सगळे कडेने उभे राहिले. उभ्याने कोण भांडतं? पाच मिनिटांत सभा संपली. साकवाचा विषय निघालाच नाही.

यंदा शाळेतून परतताना कोमल ओढ्यातल्या खडकावर अडकली. काठावर वीस जण होते. त्यातला गोरख म्हणाला, हाताला हात धरून साखळी करू. दुसऱ्याने त्याला अडवलं.

"थांब रं. भाऊंना फोन लावलाय. उर्शाच्या टोलनाक्यावरनं निघालेत."

सगळे थांबले. खडक दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी मला खोलीतून बाहेर काढलं. कोमलला माझ्यातून घरी नेलं.

मित्रांनो, मला रफू करू नका, धुऊ नका, चालेल. पण अंथरा. बसा. कोणाची आई विचारायला उभी राहिली, तर तिला खाली बसवू नका.

भाऊंनी कोमलला खांद्यावरून आणलं त्या दिवशी त्यांच्या कमरेला दोर होता, आणि काठावर सात जणांनी तो धरला होता.