मस्कतचं घड्याळ

लेकीनं, धनश्रीनं, तिकिटाचा फोटो पाठवला होता. मुंबईहून सुटणार दहा वाजता, मस्कतला पोचणार अकरा दहाला. सटवानं बोटांवर हिशोब केला, एक तास दहा मिनिटं. पोरगी नर्स झालेली, तिकडच्या दवाखान्यात नोकरी लागलेली. पण तिची आई सारजाबाई काही केल्या सोडायला तयार नव्हती. तेव्हा सटवानं हाच हिशोब तिच्यापुढं ठेवला.

"अगं, धर्मापुरीहून बीडला जायला एसटी तीन तास घेती. ती बीडला ऱ्हायली असती तर तू अडवली असती का? त्याच्याहून जवळ हाय हे."

सारजाबाईनं मग अडवलं नाही. पण पोरगी निघाली त्या दिवसापासून ती नवऱ्याशी धड बोलली नव्हती.

विमानाच्या दिवशी सटवा शेळ्या घेऊन माळावर गेला. सव्वाअकरा झाले, फोन नाही. साडेअकराला त्यानंच लावला, तर बंद. बारा वाजले तसा त्याचा धीर सुटला. शेळ्या चुलतभाऊ म्हाळूच्या स्वाधीन केल्या आणि तो तरातरा फाट्यावर आला. तिथं अजीजचं पंक्चरचं दुकान होतं. त्याचा धाकटा भाऊ फिरोज मस्कतलाच गाडी चालवायचा.

"अजीजभाई, इमान पोचलंच न्हाई बघा. तास होऊन गेला वर."

अजीजनं हात पुसले, फोटो निरखून पाहिला.

"सटवाभाऊ, बसा आधी. हे अकरा दहा तिथल्या घड्याळातले हायत. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड घंटा मागं असतंय. आपल्या टायमानं बारा चाळीसला उतरती ती."

"म्हंजे आजून वरच हाय?"

"पंधरा मिनिटं ऱ्हायली."

सटवा जुन्या टायरावर मटकन बसला. जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यात दुसरंच मनात आलं.

"मंग हाय किती लांब?"

"सोळाशे किलोमीटर तर असंल."

"आन् मी तिच्या मायला सांगितलं, बीडपेक्षा जवळ हाय म्हणून."

अजीज हसला नाही. "फिरोज गेलता तवा मी बी अम्मीला असंच सांगितलं. दोन-अडीच घंट्याचं तर हाय, म्हणलं. दोन सालात एकदा येतो तो."

दीड वाजता फोन वाजला. "आबा, पोचले. बॅग यायला लई टाइम लागला." सटवाला बोलायचं खूप होतं, पण तो एवढंच म्हणाला, "जेवून घे, बाई."

घरी आल्यावर त्यानं सारजाबाईला सगळं खरंखरं सांगितलं. घड्याळाचं, सोळाशे किलोमीटरचं, आणि आपण चुकलो तेही. ती मेथी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला तिकिटातलं कळत न्हाई. पण एवढं जवळ असतं तर पोरगी निघताना तशी रडली असती का?"

सटवानं टोपी काढून खुंटीला अडकवली.

"सुखरूप हाय ना?"

"हाय."

तिनं मेथी बाजूला सारली आणि पोत्यावर त्याच्यासाठी जागा केली. "मंग लावा फोन. मला बी बोलायचंय."