सकाळच्या उन्हाची खिडकी

आई गेली, माहेरचं घर विकलं गेलं, तेव्हा अंगणातला पुदिना तेवढा सुनेने काळ्या पत्र्याच्या डब्यात लावून सासरी आणला. आईच्या हातचं एवढंच उरलं होतं. भरपूर ऊन मिळावं म्हणून तिने डबा दुपारच्या उन्हाच्या खिडकीत ठेवला, तर पानं करपू लागली. घाबरून ती पाणी घालत राहिली आणि पुदिना आणखीच माना टाकत गेला.

सासूबाई घरीच शिवणकाम करायच्या. बोलणं कमी, पण नजर घारीची. एका दुपारी त्यांनी उठून डब्याला तळहात लावला.

"अगं, हा तर तव्यासारखा तापलाय! मुळं शिजतायत त्याची. वर पाणी ओतून आधण कसलं ठेवतेस?"

"मग कुठे ठेवू, आई? बाकी सगळीकडे अंधार."

खरंच होतं ते. सकाळचं कोवळं ऊन येणारी खिडकी घरात एकच, आणि तिथे इतकी वर्षं सासूबाईंचं शिलाई मशीन होतं. त्यांनी मशीनची एक बाजू धरली.

"बघत काय उभी राहिलीस? धर तिकडून!"

पुदिना मातीच्या कुंडीत, त्या खिडकीत गेला आणि हळूहळू हिरवागार झाला. सासूबाई आतल्या भिंतीशी, दिव्याखाली शिवू लागल्या.

"तिथे सुई ओवायला दिसतं का हो, आई?"

"नाही दिसत. म्हणून तर तुला हाका मारते. ये, ओव!"

सून दोरा ओवून देई आणि मनात म्हणे, आपल्या आईनेसुद्धा आपली खिडकी अशी सहज दिली असती का, देव जाणे.