चौदा तारखेची जयंती

"काकू, अर्ध्या तासात आटपा. आमचे लोक बर्फात उभे आहेत," रवींद्र क्लबहाउसच्या दारातूनच म्हणाला. मागे व्हॅलेंटाइन डेचे लाल फुगे घेतलेली मराठी मंडळातली जोडपी होती.

सुलभा टेबल पुसत राहिली. हॉल तिने महिन्यापूर्वीच घेतला होता. शाळेच्या किचनमध्ये तिच्यासोबत राबणाऱ्या अर्नेस्टीनला फ्रेडरिक डग्लसची जयंती करायची होती. गुलामीतून पळालेला आणि मग जन्मभर गुलामीविरुद्ध बोललेला माणूस. त्याच्या फोटोपुढे केक मांडला होता. अर्नेस्टीनच्या चर्चमधली माणसं आता येणार होती.

"तुमचं रेस्टॉरंट ठरलं होतं ना?"

"कॅन्सल झालं. तुम्ही उद्या करा. त्या डग्लसला तरी स्वतःचा बर्थडे कुठे माहीत होता? काय फरक पडतो!"

त्याची बायको आसावरी मागून हसली. "जाऊ दे रे. चौदा तारीख म्हटली की यांना जयंतीच सुचते. एप्रिल काय, फेब्रुवारी काय!"

सुलभाचा हात थांबला. हे हसू तिच्या ओळखीचं होतं. नागपूरच्या ऑफिसात आंबेडकर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, दर पंधरा एप्रिलला ते तिच्या टेबलाभोवती फिरायचं. आता विमानात बसून अमेरिकेत, शॉमबर्गपर्यंत आलं होतं.

घोळक्यातून तिचा मुलगा प्रथमेश जवळ येऊन कुजबुजला, "आई, प्लीज. रवी माझा मॅनेजर आहे. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. सीन नको करू."

"करणार!" सुलभा लेकाला नाही, सगळ्यांनाच म्हणाली. "तान्हा होता तेव्हा आईपासून तोडलं त्याला. कधी जन्मला, कुणी सांगितलं नाही. मोठा झाल्यावर त्यानं स्वतः ही तारीख निवडली. तीही तुम्ही हलवणार? फुग्यांसाठी? चालते व्हा!"

"काकू, भाषा जरा..."

"भाषाच आहे. झारा नाही घेतला अजून हातात."

रवींद्रने प्रथमेशकडे पाहिलं. प्रथमेशने खिशातून गाडीची किल्ली काढली. "आमच्या घरी चला सगळे. बेसमेंट मोठं आहे." आईकडे न बघता तो बाहेर पडला.

अर्नेस्टीनला मराठीतलं अक्षर कळलं नव्हतं, पण सगळं कळलं होतं. तिने हळूच विचारलं, "मेणबत्त्या किती लावायच्या?"

"एकच लावू. वय तरी कुणी लिहून ठेवलंय?"

रागात सुलभाने काडी इतक्या जोरात ओढली की ती मोडली. अर्नेस्टीनने तिचं मनगट धरलं, तेव्हा दुसरी पेटली. बाहेर प्रथमेशची गाडी सुरू झाली. सुलभाने मान वर केली नाही; वात नीट धरेपर्यंत ती ज्योतीला तळहाताचा आडोसा करून उभी राहिली.