आठ वाजताची गोळी

माझी जीभ तिखट आहे हे विसरवाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. औषधाच्या दुकानात बसायचं तर ती तशी लागतेच. हायवेवरचा ट्रकवाला चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागतो, पाड्यावरचा म्हातारा पाच दिवसांच्या औषधातल्या दोनच गोळ्या कापून द्या म्हणतो. सगळ्यांशी गोड बोलत बसले तर शटर ओढून घरी जावं लागेल. पण गेल्या वर्षी मी जे बोलले आणि जे बोलले नाही, ते सगळंच्या सगळं अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मरियम पहिल्यांदा आली ती विम्याचं कार्ड घेऊन. तिनं ते पिशवीतून काढून काउंटरवर ठेवलं आणि गोळ्यांची वाट बघत उभी राहिली. तिचा नवरा योहान गुजरातच्या गाड्यांवर ड्रायव्हर होता. चौतिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. त्याची मोठी बहीण एस्तेर विधवा, त्यांच्याच घरात राहणारी. तिनं आपली एक दिली. नाशिकला एका मोठ्या दवाखान्यात दोघांची ऑपरेशनं झाली, सगळी कार्डावर, चहापाण्याशिवाय खर्च नाही. पुढचंही असंच होणार, असं मरियम धरून चालली होती.

"पाच लाखनं कार्ड शे, ताई," ती म्हणाली. घरी त्यांची मावची बोली, पण दुकानात सगळे अहिराणीच बोलतात.

"दवाखानाना पलंगवर झोपेल मानूससाठे शे ते," मी म्हणाले. "घर जाईसन खावानी गोळीसाठे नही."

तिनं कार्ड उलटून पाहिलं, जणू मागच्या बाजूला काही वेगळं लिहिलं असेल. चिठ्ठीवर सकाळी आठला दोन कॅप्सूल, रात्री आठला दोन, जन्मभर. महिन्याचे नऊ हजार. मी आकडा सांगितला तेव्हा ती काहीच बोलली नाही, आणि मला तिचा राग आला. रडली असती तर बरं वाटलं असतं.

"मरियम, नीट ऐक," मी म्हणाले. मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. "एकच किडनी शे. ही गोळी तिले सांभाळस. गोळी बंद, किडनी बंद."

तिनं ते वाक्य मनातल्या मनात म्हटलं. तिचे ओठ हललेले मी पाहिले. इतकं सोपं करून तिला डॉक्टरांनीही सांगितलं नसेल, असं वाटून मी स्वतःवरच खूश झाले होते.

मग मी मागे लागले. मी एखाद्या गोष्टीच्या मागे लागले की नवरा दुकानात फिरकत नाही. तीन आठवडे फोन केले. कोणी म्हणालं तालुक्याला विचारा, कोणी म्हणालं आमच्याकडे फक्त कॅन्सरचं होतं. शेवटी पुण्याची एक संस्था सापडली. तिथे पितांबर म्हणून एक गृहस्थ होते, मूळचे शहाद्याकडचे. गोळ्या फुकट देऊ म्हणाले. पण विमावाल्यांचं पत्र हवं, की हे औषध आमच्यात बसत नाही. जे देत नाहीत ते 'देत नाही' असं लिहूनही देत नाहीत लोक. त्या एका पत्रासाठी मी सोळा वेळा फोन केला. पत्र आलं, अर्ज गेला, आणि पहिलं पार्सल माझ्याच दुकानावर उतरलं. अट एवढीच, की दर महिन्याला रिकाम्या पट्ट्या परत द्यायच्या आणि रक्ताचा रिपोर्ट पाठवायचा.

त्या दिवशी एस्तेर पहिल्यांदा दुकानात आली. उंच, काटक बाई, पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावर घट्ट. तिनं माझे दोन्ही हात धरले.

"रविवारले चर्चमा तुम्हनं नाव लेतस आम्ही," ती म्हणाली. कोणी माझ्यासाठी प्रार्थना करतं, हे मला उगीचच आवडलं.

पुढचे सहा-सात महिने एस्तेरच यायची. पट्ट्या रिकाम्या, एकही कमी नाही. रिपोर्ट मात्र बिघडत होता. रक्तातलं क्रिएटिनिन, जे वाढलं की किडनी थकली समजायचं, पहिल्या महिन्यात एक पूर्णांक तीन. मग दीड. मग सहाव्या महिन्यात दोनच्या वर. रक्तात औषध किती उतरतंय त्याची एक तपासणी असते, पण ती महाग आणि तीही कार्डात नाही, म्हणून डॉक्टरांनी नुसतं विचारलं, गोळ्या वेळेवर घेतोस ना. योहान हो म्हणाला. त्याचं तोंड सुजायला लागलं होतं. मोटारसायकलवर मागे बसून एकदा आला, तर चेहरा मला पटकन ओळखू आला नाही.

आणि एस्तेर खोकायची. नवापूरकडे कोंबड्यांच्या फार्मवर ती कामाला जायची, मला वाटलं तिथली धूळ असेल. मी तिला खोकल्याचं औषध दिलं. पुढच्या महिन्यात परत दिलं. तिसऱ्या महिन्यात तिचं ब्लाउज खांद्यावरून ओघळत होतं, तरी मी बाटलीच दिली, आणि उन्हात कमी फिर म्हणाले. मला तिच्याकडे बघायला वेळच नव्हता. माझं लक्ष पट्ट्यांकडे होतं.

कारण पट्ट्या कापलेल्या होत्या. दहा कॅप्सूलची पट्टी, बरोबर मधोमध कात्रीनं कापलेली. एक नाही, सगळ्या. वीस वर्षं या धंद्यात काढल्यावर कापलेल्या पट्टीचा माझ्या लेखी एकच अर्थ होतो. अर्धी पट्टी सुटी विकली जाते. सीमेपलीकडे सुरतच्या रस्त्याला या गोळीला गिऱ्हाईक मिळालं असेल, अर्धी नवरा खातो, अर्धी मरियम विकते, आणि गिऱ्हाइकाकडून रिकामी अर्धी परत मागून मला दाखवते. माझ्या डोळ्यांपुढे सगळं चित्र उभं राहिलं. त्या चित्रात एकही गोष्ट खटकत नव्हती.

मी मरियमला काही विचारलं नाही. सरळ पितांबरांना फोन केला.

"ताई, तुम्हाला खात्री आहे का?" त्यांनी विचारलं.

"मी दुकानात बसते की झोपते?" मी म्हणाले.

त्यांनी फाइल थांबवली. पुढचं पार्सल आलं नाही. एस्तेर दोनदा येऊन परत गेली, आणि मी काउंटरमागून नुसती मान हलवली. घरात आठवडाभराच्या गोळ्या उरल्या असतील, तेवढ्यात मरियमची चोरी पकडायची असं ठरवून मी एका रविवारी सकाळी स्कूटी काढली. आठच्या आधी पोचायचं होतं. योहानला दोनच्या जागी एकच कॅप्सूल देताना मला ती रंगेहाथ सापडायला हवी होती.

पाडा रस्त्यापासून सहा किलोमीटर आत. घराच्या ओट्यावर तिघंही चर्चला निघायच्या कपड्यांत बसली होती. मला बघून मरियमचा चेहरा उजळला. तिला वाटलं, गोळ्या घेऊन आले.

"बठा ताई, चहा मांडस," ती म्हणाली.

तेवढ्यात मोबाइलचा गजर वाजला. आठ. मरियम आत गेली आणि स्टीलचे दोन छोटे डबे घेऊन आली. एक डबा उघडून तिनं एक कॅप्सूल काढली, योहानच्या तळहातावर ठेवली. दुसरा डबा उघडला, त्यातून एक काढली आणि एस्तेरच्या तळहातावर ठेवली. तिघांनी डोळे मिटले. योहान हळू आवाजात दोन ओळींची प्रार्थना पुटपुटला. मग भाऊबहिणीनं एकाच तांब्यातलं पाणी पिऊन गोळ्या गिळल्या.

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी काही विचारू नये असं वाटलं.

"दोन डबा कसाले?" मी कसंबसं विचारलं.

"एस्तेरबाई फार्मवर जास ना," मरियम म्हणाली. "तिना वाटा मी पट्टी कापीसन तिना डबामा ठेवस. येळ चुकाले नको. तुम्हीच सांगेल, एकच किडनी शे, गोळी सांभाळस. एकच तर दोन्हीसले शे." आणि मग जरा लाजून, "दोन्हीसले चिरं, ताई. एकलेच औषध कसं देवानं?"

योहाननं मान डोलावली. एस्तेर पदर तोंडाशी धरून खोकत होती.

मी उठले. "एस्तेरबाई, जरा मांगे ये. खोकला तपासस," म्हणाले आणि तिला घरामागे, शेळ्या बांधतात तिथे घेऊन गेले. तिथे मी तिला सगळं सांगितलं. शरीराला परकी किडनी नको असते, ते तिला मारायला उठतं, ही गोळी त्या शरीराचे हात बांधून ठेवते. योहानच्या अंगात परकी किडनी आहे, म्हणून त्याला पूर्ण गोळी लागते. तुझी किडनी तुझीच आहे. तुला काहीच लागत नव्हतं. तू गोळी खाल्लीस, तुझे हात बांधले गेले, आणि कुठलं दुखणं आत शिरलं तेही कळलं नाही. मी तिला रागावत नव्हते, पण ऐकणाऱ्याला तसंच वाटलं असतं.

एस्तेर गवताच्या भाऱ्यावर बसली. ती शेळीच्या पिल्लाकडे बघत होती.

"म्हणजे मी त्यानी खादी," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी भाऱ्यावर बसले.

"मी पयले नको सांगं व्हतं, ताई. मरियमनी ऐकं नही. मी नही खादी तर तीबी जेवे नही." तिनं माझा हात धरला. तिचा हात तापलेला होता. "तिले हाई सांगजो नका. रोज तिनीच मन्हा हातवर ठेई. ती जगाव नही."

"मग काय सांगू?"

"मन्ही किडनी पक्की व्हयनी, आते गोळी नको, असं सांगा. आनि योहानले काही व्हयनं तर..." ती थांबली. खोकल्याची उबळ ओसरू दिली. "तर सांगा, गोळ्या येवानं बंद व्हयनं म्हनीसन व्हयनं."

गोळ्या कोणी बंद करायला लावल्या, हे तिला माहीत नव्हतं. मी तेव्हा सांगू शकले असते. तोंड उघडलंही होतं. पण समोर बसलेली बाई सात महिने भावाच्या वाट्याचं खात होती हे कळून मुकाट बसली होती, आणि मला भीती वाटली. तिच्यासाठी नाही, स्वतःसाठी. मी ओट्यावर परत आले आणि मरियमला सांगितलं, एस्तेरबाईची किडनी पक्की झाली, तिची गोळी बंद, दोन्ही डबे आता योहानचे. मरियमनं आकाशाकडे बघून हात जोडले.

त्याच दुपारी पितांबरांना फोन केला. चूक झाली, सुरू करा, म्हणाले. ते भले गृहस्थ, पण बंद झालेली फाइल उघडायला समिती लागते, डॉक्टरांचं नवं पत्र लागतं. तीन आठवडे. मी नंदुरबारहून उधारीवर गोळ्या मागवल्या, तरी दोन दिवसांचा खंड पडलाच, मग स्वतः नेऊन दिल्या. एस्तेरला आरोग्य केंद्रात नेलं, तिच्या थुंकीत टीबी निघाला, सरकारी औषध सुरू झालं. ती बरी होईल असं डॉक्टर म्हणतात. मी त्यांना दोनदा विचारलं.

योहानचं क्रिएटिनिन सात झालं. नाशिकच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, ही किडनी गेली. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. "ते मात्र कार्डात बसतं," असंही म्हणाले, चांगली बातमी द्यावी तसं.

परत आल्यावर मरियम दुकानात आली. दुपारची वेळ, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. ती काउंटरला टेकून उभी राहिली.

"ताई, मन्हं काय चुकनं?" तिनं विचारलं. "घरमा गोळी व्हती तोवर एक येळ चुकवी नही मी. गजर वाजना की देऊ. मन्हा हातथीन देऊ. मन्हं काय चुकनं ते सांगा."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. खरं सांगितलं असतं तर ते दोन वाक्यांचं होतं.

"तुन्हं काही चुकनं नही," मी म्हणाले. "गोळ्या बंद व्हयन्या म्हनीसन व्हयनं. आनि त्या मी बंद कऱ्या. तू विकी ऱ्हायनी असं माले वाटनं. पुन्याले फोन मी करा."

ती काहीच बोलली नाही. पहिल्या दिवशी नऊ हजार ऐकून बोलली नव्हती तशीच. पण या वेळी मला राग आला नाही. मला फक्त तिनं हलू नये असं वाटत होतं, कारण ती हलली की पुढे काय होईल ते मला माहीत होतं.

"मी विकसू?" ती शेवटी म्हणाली. "मन्हा मालकनी गोळी?"

मग तिनं पिशवी उचलली आणि गेली. आता ती औषधं नवापूरहून आणते. एस्तेर अजून माझ्याकडे येते, टीबीच्या गोळ्या पोटात जळतात म्हणून काहीतरी मागायला, पण मागच्या दारानं. घरात माझं नाव काढलेलं चालत नाही म्हणते. गोळ्या बंद झाल्या म्हणूनच झालं, यावर मरियमनं पूर्ण विश्वास ठेवला आहे. पाड्यावर सगळ्यांना ती सांगते, त्या दुकानवाल्या बाईनं माझ्या माणसाची किडनी घेतली. आणि मरियमचं जेवणखाण, एस्तेर म्हणते, पूर्वीसारखं नीट चाललं आहे.