भंडारा लावलेले बारा उंदीर

गोष्ट दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यातली. गडमुडशिंगीच्या रस्त्यावर एक औषधशास्त्राचं कॉलेज होतं. त्याच्या प्राणीघरात शांभवी बारा पांढऱ्या उंदरांचा ताप मोजत होती. सहांना तिने उत्तेजक औषधाची सुई दिली होती, उरलेल्या सहांना नुसत्या मिठाच्या पाण्याची. सुई सगळ्यांनाच टोचायची, नाहीतर उंदीर औषधाने बिथरला की टोचण्याने, हे कळायचं कसं? औषधवाल्यांच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचे ठिपके, पाणीवाल्यांच्या शेपटीवर. दोन्ही टोळ्यांचे पिंजरे वेगळे. आता संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाला प्रत्येकाचं अंग किती तापलं आणि तो किती धावला, हे वहीत लिहायचं.

सरकारी परवान्यावर औषधाची एकच कुपी मिळाली होती आणि ती सकाळीच रिकामी झाली होती. आजचा दिवस वाया गेला तर शांभवीचा दोन वर्षांचा प्रबंध तिथेच अडकणार होता.

पहिला आकडा घेऊन ती चहाला गेली. पंधरा मिनिटांत परत आली, तर प्राणीघराच्या दारात चपलांचा ढीग.

आत ऑफिसातली माणसं हात जोडून उभी होती. मध्ये एका मोठ्या टोपल्यात बाराही उंदीर एकत्र, आणि बाराही नखशिखांत पिवळेधमक. शेजारी प्राणीघर सांभाळणारा केरबा, हातात भंडाऱ्याची पिशवी.

"केरबामामा, हे काय केलंत?"

"ताई, आरडू नगा. ह्यांच्या अंगात आलंय." केरबा हलक्या आवाजात म्हणाला. "मान बगा कशी हलवाय लागल्यात. अंग नुसतं तव्यावानी. आमच्या बिरदेवाच्या जत्रंत अस्संच हुतं की."

"अहो, ते औषध आहे! त्याने उंदीर मान हलवतो, हुंगतो, गोल फिरतो!"

"मग त्यानं म्हशीचं बरुबर कसं सांगितलं? मी इच्यारलं, म्हस गाभण हाय का. तीनदा मान हलवली गड्यानं."

"आणि बाकीच्या सहांना का माखलं? ते तर गप्प होते!"

"द्येवाच्या दारात भेदभाव न्हाय," केरबाने सांगितलं. जमलेल्यांनी माना डोलावल्या.

शांभवीने टोपलं ओढलं. या औषधात गर्दी फार वाईट. एकमेकांना खेटून बसलेले उंदीर आणखी तापतात, कधी कधी दगावतात. तिने भराभर एकेकाला वेगळ्या पिंजऱ्यात टाकलं. गर्दी बाराहींना सारखीच लागली होती, तेवढं वहीत लिहून ठेवता आलं असतं. पण डोक्यावरचे ठिपके, शेपटीवरचे ठिपके, सगळे हळदीखाली गडप. ओल्या बोळ्याने पुसलं तर दोन्ही पिवळे एकत्रच पसरले. पुढच्या आकड्याला बारा मिनिटं उरली होती.

तेवढ्यात तिचे मार्गदर्शक राजशेखर सर आले. प्रकार ऐकून आधी त्यांनी कपाळावर हात मारला. मग एका उंदराकडे बघत केरबाला हळूच म्हणाले, "प्राचार्यपदाचं काय म्हणतोय, विचार की."

"सर!"

"अगं, गंमत केली. एवढं काय घाबरायचं? ज्याचं अंग तापलंय, जो गरगरतोय, तो औषधाचा. जो झोपलाय तो पाण्याचा. टाक लिहून."

"मग मी दाखवलं काय, सर? तापलेले निवडून औषधवाले म्हणायचं, आणि मग सांगायचं की औषधवाले तापले?"



शांभवी वहीची पानं चाळू लागली. औषध वजनावर ठरतं, म्हणून सुईआधी तिने प्रत्येकाला तोललं होतं. बारा वजनं ओळीने लिहिलेली होती! पोट रिकामं होऊन एखादा ग्रॅम इकडेतिकडे, पण बहुतेकांत चांगला चार-पाच ग्रॅमचा फरक होता. तिने तराजू ओढला.

"केरबामामा, एकेक द्या. आणि तुमचे पाहुणे बाहेर काढा."

"चला रं, दर्शन बंद!" केरबा गरजला.

दोनशे तीन, औषध. दोनशे अठ्ठावीस, पाणी. दोनशे नऊ, पाणी. दहा उंदीर आपापल्या जागी बसले. उरले दोन. दोघांचं वजन सकाळीही दोनशे चौदा, आताही दोनशे चौदा. एक औषधाचा, एक पाण्याचा. त्यातला एक पिंजऱ्यात भिंगरीसारखा फिरत होता आणि दुसरा घोरत पडला होता.

"झालं!" सर म्हणाले. "हे तर सगळ्या कोल्हापूरला दिसतंय."

शांभवीने पेन उचललं. बारापैकी बारा म्हणजे भरभक्कम प्रबंध. दहा म्हणजे परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारणार. भिंगरीवाला तिच्याकडे बघून मान हलवत होता. तिने दोन्ही ओळींवर आडवी रेघ मारली.

"अगं वेडी आहेस का?"

"दिसतंय म्हणूनच घ्यायचा नाही, सर. बाकीच्यांना वजनाने ओळखलं, याला नाचाने ओळखायचं होय?"

केरबा कळवळला. "ताई, एवढा घाम गाळून नाचला गडी, आन त्यालाच भाईर काढला व्हय?"

"उंदराला घाम येत नाही, मामा. म्हणून तर ताप चढतो. थर्मामीटर द्या, दोन मिनिटं राहिलीत."

संध्याकाळी दहा उंदरांचे आकडे पुरे झाले. औषधवाले पाचही तापले होते, पाणीवाले पाचही थंड. वहीत शेवटचा रकाना उरला होता, दोन प्राणी वगळल्याचं कारण. सरांनी सही करायला पेन काढलं आणि रकाना वाचून थांबले. शांभवीने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'भंडारा.'

"हे विद्यापीठात जाणार?" सरांनी विचारलं.

"खरं कारण तेच आहे, सर."

सरांनी सही ठोकली. केरबा त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"कुठल्या द्येवाचा त्ये बी लिवा की," तो म्हणाला. "उगं दुसऱ्या द्येवावर आळ नगं."