नियंत्रण कक्षाचं उत्तर

आईचं अंतराळ स्थानक म्हणजे दोन कपाटं, सात बाकं आणि फरशीवर चिकटवलेली पांढरी पट्टी. पाचवीच्या वर्गाचा मागचा अर्धा भाग. पट्टीच्या आत जाताना बूट काढायचे. पाणी प्रत्येकी तीन कप, त्यातच सगळं भागवायचं. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून नटबोल्ट आवळायचे. झोपायचं ते भिंतीच्या हुकाला बांधलेल्या पिशवीत, उभ्याने. दर दहा मिनिटांनी दिवा मालवून पुन्हा लावायचा, कारण वर दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवतो. हे खूळ आईने एकोणीस वर्षं चालवलं. आधी प्रयोग घरात व्हायचे, त्यामुळे उभ्याने झोपण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तीन महिन्यांपूर्वी त्या पट्टीच्या आतच तिला हृदयविकाराचा झटका आला.

मुख्याध्यापक तेव्हा घरी आले होते. "बाईंनी कुणाला कळूच दिलं नाही हो," ते म्हणाले. "मुलांना वाटलं, खेळच चाललाय. लेकरंच ती."

मला ते पटलं. आई ताप लपवायची. दाढ ठणकत असली तरी "काही नाही गं" म्हणायची. तीन महिने मी तिच्यावर चिडून होते. गेलेल्या माणसाशी भांडण फार जड जातं. दोन्ही बाजूंनी आपणच बोलावं लागतं.

आज शाळेत तिच्या नावाच्या 'अंतराळ कोपऱ्या'चं उद्घाटन होतं. तिच्या वस्तू घ्यायला मी तासभर आधी गेले. शिपाईमामांनी एक खोकं पुढे केलं. त्यात चष्मा, हातमोजे आणि सगळ्यांत वर एक निळी वही होती.

"ही आधी वाचा, ताई. सरांनी रद्दीत टाकायला सांगितली होती. मी विसरलो."

मामा विसरणाऱ्यांतले नव्हते.

ती स्थानकाची नोंदवही होती. आईचा दंडक असा, की जे घडलं तेवढंच लिहायचं, घड्याळ बघून. 'खूप', 'भयंकर' असलं काही आलं की पुन्हा लिहा. दर आठवड्याला ती एक खोटं संकट आणायची, कधी आग, कधी हवेची गळती. मुलं इंटरकॉमवरून नियंत्रण कक्षाला, म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीला, कळवायची. तिथून परवानगी मिळेपर्यंत झडप, म्हणजे वर्गाचं दार, उघडायची नाही. आणि कधी खरंच काही झालं तर बोलायचं एक वाक्य ठरलेलं होतं: 'हा खेळ नाही.' ते वाक्य गमतीत उच्चारणाऱ्याला महिनाभर स्थानक बंद.

शेवटचं पान ठसठशीत, गोल अक्षरात होतं.

११:०८. बाई स्टुलावर बसल्या.
११:१०. बाई म्हणाल्या, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय. कळवा. हा खेळ नाही.
११:११. नियंत्रण कक्षाला कळवलं. हा खेळ नाही म्हटलं. उत्तर: शाबास, चालू ठेवा.
११:१३. पुन्हा कळवलं. हा खेळ नाही म्हटलं. उत्तर: पाहुणे बसलेत, पाच मिनिटांनी.
११:१६. तिसऱ्यांदा कळवलं. फोन उचलून खाली ठेवला.
११:१९. बाई बोलत नाहीत.
११:२१. परवानगीशिवाय झडप उघडली. जबाबदारी माझी.

मी पान दोनदा वाचलं. कळवा, असं ती म्हणाली होती. आयुष्यात एकदाच म्हणाली असेल.

"कुणाचं अक्षर आहे हे?"

"आमच्या चष्मेवालीचं. धावत माझ्याकडे तीच आली. गाडी मी बोलावली, पण..." मामांनी खोक्याची कड उगाच दाबली. "पोर आता पट्टीच्या आत पाऊल टाकत नाही. घरचेच म्हणतात, तुला एवढं कळलं नाही?"

मी वही घेऊन मुख्याध्यापक सरांच्या खोलीत गेले. ते भाषणाचा कागद चाळत होते. इंटरकॉम त्यांच्या कोपराशीच होता.

"या ताई, बसा."

"त्या दिवशी फोन तुम्ही घेतलात?"

त्यांनी वहीकडे पाहिलं आणि ओळखली. "अहो, दर आठवड्याला बाईंची आग नाहीतर गळती. लांडगा आला रे आला! माणूस किती वेळा धावणार?"

"म्हणूनच ते वाक्य होतं. तुम्हाला माहीत होतं की नाही?"

"पाहुणे समोर होते, ताई. खात्याचे लोक."

"माहीत होतं की नाही?"

"होतं," ते म्हणाले, आणि लगेच, "पण आता उकरून काढून बाई परत येणार आहेत का?"

"बाई नाही येणार. ती मुलगी रोज येते. मुलांना खेळ वाटला, हे तुम्ही गावभर सांगितलंत. आज खरं सांगा."

"आजच्या दिवशी शोभेल का ते?"

पाचवीच्या वर्गात, पट्टीसमोरच झालेल्या कार्यक्रमात त्यांनी आईला दीपस्तंभ म्हटलं, मग सागर म्हटलं. आईने सगळं पुन्हा लिहून घेतलं असतं. शेवटी ते आवाज ओला करून म्हणाले, "त्या निष्पाप जिवांना काय कळणार, की हा खेळ नव्हे?"

चष्मेवाली पहिल्या बाकावर होती. तिने मान खाली घातली.

मी उठले. "मी वाचते," म्हटलं, आणि वही उघडली.

स्थानकात प्रत्येक काम दोघांनी करायचं असे. एकाने पायरी वाचायची, दुसऱ्याने ती मोठ्याने म्हणायची, मगच हात लावायचा. मी ते विसरले होते. "अकरा आठ. बाई स्टुलावर बसल्या," असं मी वाचलं आणि मागून अख्खा वर्ग म्हणाला, "अकरा आठ. बाई स्टुलावर बसल्या."

पालकांनी वळून मुलांकडे पाहिलं. मी एकेक ओळ वाचत गेले, मुलं म्हणत गेली. "पाहुणे बसलेत, पाच मिनिटांनी" हे चाळीस मुलांच्या तोंडून ऐकताना सरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. कुणाची तरी आई "अगं बाई" म्हणाली.

अकरा सोळापाशी मी हात वर करून मुलांना थांबवलं.

"अकरा सोळा. तिसऱ्यांदा कळवलं. फोन उचलून खाली ठेवला. सर, ही पायरी तुमची. म्हणा."

सगळा वर्ग सरांकडे पाहत होता. त्यांनी रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली.

बाक सरकल्याचा आवाज आला. चष्मेवाली उठली होती. पट्टीपाशी तिने बूट काढले, जोडीने ठेवले आणि आत गेली. आतूनच हात पुढे करून तिने माझ्याकडची वही मागितली. कपाटाला दोरीने बांधलेलं पेन घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि उभ्यानेच ठसठशीत, गोल अक्षरात लिहिलं:

१०:५२. नियंत्रण कक्षाला पुन्हा कळवलं. उत्तर नाही.