सोडलेली जागा

भरगच्च काम म्हणजेच भारी काम, असं आपल्याला कुणी शिकवलं हो? नीलालाही तसंच वाटायचं.

१९७९ साली ती लखनौच्या एका पॉलिटेक्निकमध्ये कपड्यांचं डिझाइन शिकत होती. शुक्रवारी तिला सहा कुर्त्यांचा संच परीक्षेला मांडायचा होता. पहिला वर्ग मिळाला तर तिथेच शिकवायची नोकरी! वडील बाबूराव सरकारी कचेरीत कारकून, मूळचे भंडाऱ्याचे. घराण्यात कॉलेज पाहिलेली ही पहिलीच मुलगी. तिने सहाही कुर्त्यांवर गळ्यापासून घेरापर्यंत टाके कुठे घालायचे ते दाखवणारी बुट्ट्यांची निळी छपाई करून घेतली आणि चिकनच्या, म्हणजे लखनवी नाजूक भरतकामासाठी ते कारागीर सकीना आपाकडे दिले.

मंगळवारी आपा गाठोडं घेऊन दारात आली. काम अर्धंच झालं होतं.

“बिटिया, अब और नहीं होगा. आँखों से पानी बहता है.”

नीलाने गाठोडं उलगडलं. “आपा, पहले बोलना था ना! तीन ही दिन हैं. कैसे भी करके पूरा कीजिए!”

कणकेचे हात घेऊनच आई, कमलाबाई, बाहेर आली. आपाचे सुजलेले लाल डोळे तिने पाहिले.

“नीले, तुझी वही आण. मोठ्याने वाच.”

“आई, प्लीज, अभी नहीं!”

“आण म्हटलं ना!”

नीला चिडून वाचू लागली, “समतोल. लय. उठाव एकाच जागी असावा. रिकामी जागा हाही डिझाइनचाच भाग...” आणि ती अडखळली.

“मग तुझ्या कुर्त्यात रिकामी जागा कुठाय?” आई कडाडली. “बिड्या वळून वळून तुझ्या आजीची बोटं वाकडी झाली. ठेकेदार म्हणायचा, कसंही करून पुरं कर. आज तू त्याच्यासारखीच बोललीस!”

नीलाचा चेहरा खर्रकन उतरला. “पण आई, छपाई तर सगळीकडे आहे. अर्धवट दिसेल ना गं!”

आपा हळूच म्हणाली, “छपाई कच्ची है, बिटिया. धोबी धोएगा तो निकल जाएगी. जहाँ टाँका नहीं, वहाँ कुछ नहीं.”

अगं बाई! हे तर तिला ठाऊकच होतं, पण सुचलं नव्हतं. तिने सहाही कुर्ते कामाच्या उतरत्या क्रमाने खाटेवर ओळीने मांडले. पहिल्यावर काम कमरेपर्यंत, दुसऱ्यावर छातीपर्यंत, असं कमी कमी होत शेवटच्यावर नुसता गळा. वहीतली लय समोर होती!

“बस, आपा. अब एक भी टाँका नहीं. और मुझे माफ कर दीजिए,” नीला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

शुक्रवारी धुतलेल्या पांढऱ्या कुर्त्यांवरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून परीक्षक बाईंनी विचारलं, “यहाँ काम क्यों छोड़ा?”

नीला म्हणाली, “मॅडम, कारीगर की आँखें जितना सह सकती थीं, उतना ही लिया. बाकी जगह छोड़ दी.”

बाई चार पावलं मागे सरल्या. सहाही कुर्ते एका नजरेत पाहिले. “इसे कहते हैं कलेक्शन,” त्या म्हणाल्या. नीलाला पहिला वर्ग मिळाला.

वाचकहो, दुकानात ‘आणखी भरलेलं दाखवा’ म्हणण्याआधी ते भरणाऱ्या बाईचे डोळे आठवा. कुणाची दृष्टी घेऊन आलेला कपडा अंगावर मिरवण्यात कसली आलीय शोभा!